पटावरचा गहू

बुद्धिबळाच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस विरळा. राजा खेळावर खूश झाला, खेळ शोधणाऱ्याला म्हणाला, माग काय हवे ते. त्याने मागितले ते एवढेच, की पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, आणि असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत चला. राजा हसला. मग कोठारे रिकामी झाली आणि राजाचे हसू मावळले. गोष्ट सांगणारे सहसा इथे थांबतात. ऐकणाऱ्याने ‘अबब’ म्हणावे एवढीच त्यांची अपेक्षा असते.

मला मात्र त्या ‘अबब’च्या पलीकडे जायचे आहे. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तेही भाषा घेऊन. गणिताशी माझे नाते मात्रा मोजण्यापुरते. पण या गोष्टीतली संख्या गेली कित्येक वर्षे माझ्या मागे लागली आहे. ती नुसती मोठी नाही. मोठ्या संख्या काय, कागद असेपर्यंत कितीही लिहिता येतात. ही संख्या आतून मोठी नक्षीदार आहे, आणि तिच्या एका तुकड्यासाठी जगातल्या थोर गणितज्ञांना ब्याण्णव वर्षे वाट पाहावी लागली.

आधी ती लिहून टाकतो. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण वीस अंक. जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध अशी अठरा स्थाने असत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे नावे संपली तरी तिचे दोन अंक शिल्लक राहतात. सांगायचेच तर ‘एकशे चौऱ्याऐंशी परार्ध आणि वर बरेच काही’ असे सांगावे लागेल.

एवढा गहू म्हणजे किती? या प्रश्नाचे मला सर्वांत आवडते उत्तर तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने नोंदवले आहे. थोरामोठ्यांच्या चरित्रांचा त्याचा कोश प्रसिद्ध आहे. त्यात शतरंजाच्या एका निष्णात खेळाडूच्या निमित्ताने ही गोष्ट येते. मागणी करणाऱ्याचे नाव तिथे सिस्सा आणि राजाचे शिहराम. इब्न खल्लिकान प्रामाणिकपणे सांगतो, की हा हिशेब त्याला पटत नव्हता. पुढे अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला आणि त्याने कागदावर मांडून दाखवले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे आले. हिशेबनीस म्हणाला, हे एक माप भरून झाले, इथून पुढे दाणे नकोत, मापे दुप्पट करू. चाळिसाव्या घरापर्यंत मोठ्या मापाने १,७४,७६२ मापे झाली. तो म्हणाला, हे एक कोठार समजू. पन्नासाव्या घरात १,०२४ कोठारे झाली, ते एक शहर समजू. चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरे झाली. आणि पृथ्वीवर याहून जास्त शहरे नाहीत, असे सांगून त्याने कागद मिटला.

त्या हिशेबनिसाची युक्ती आपल्या जुन्या बाजाराला अनोळखी नव्हती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. आपली धान्याची मापेच मुळी दुपटीने चढत जाणारी. माझे वडील आठवडी बाजारात धान्य मोजून द्यायचे. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, रिवाजाप्रमाणे ‘लाभ’ म्हणत. घरचे धान्य मोजताना मात्र त्याच जागी ‘बरकत’ म्हणत. एक या आकड्याला एवढा मान का, हे मला तेव्हा कळत नसे. पटावरचा गहू पाहिला की कळते. सगळा पसारा त्या पहिल्या दाण्याचा आहे.

आजच्या मापाने बोलायचे तर गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे चाळीस ग्रॅम भरते. म्हणजे सोळाव्या घरात सव्वा किलोहून थोडा जास्त गहू. एकविसाव्या घरात बेचाळीस किलोच्या आसपास. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरे संपेपर्यंत एकूण सुमारे १७२ टन. दहा टनांचे सतरा-अठरा ट्रक. इथवर राजा नक्कीच हसत असणार, कारण एवढा गहू तर एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामातही निघेल. पुढच्या बत्तीस घरांत मात्र याच्या चारशे एकोणतीस कोटींहून अधिक पट गहू लागतो. संपूर्ण पटाचा हिशेब सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सगळ्या जगाने काही न खाता नऊशेहून अधिक वर्षे गहू पिकवून फक्त सिस्साच्या अंगणात ओतायचा.

दुपटीचा हा स्वभाव कर्ज काढणाऱ्याला जितका कळतो तितका राजाला कळत नाही. म्हणूनच आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. व्याज मुद्दलाएवढे झाले की एका वेळी त्याहून जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा जुन्या धर्मशास्त्रातला दंडक. मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानत आली. पटाच्या भाषेत सांगायचे तर सावकाराने दुसऱ्या घरातच थांबायचे. ज्याने हा नियम केला त्याला तिसऱ्या आणि चौथ्या घराचे भय नीट ठाऊक असणार.

आता ही संख्या काढायची कशी? चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायचे आणि मग सगळ्याची बेरीज? तेवढी गरज नाही. पहिली सोय अशी, की कोणत्याही घरातले दाणे हे त्याच्या आधीच्या सगळ्या घरांतल्या दाण्यांहून बरोबर एकने जास्त असतात. एक आणि दोन मिळून तीन, पुढच्या घरात चार. एक, दोन, चार मिळून सात, पुढच्या घरात आठ. म्हणून पटाला पासष्टावे घर असते तर त्यात जेवढे दाणे आले असते, त्यातून एक वजा केला की चौसष्ट घरांची बेरीज मिळते. पासष्टाव्या घरात किती? दोनाचा चौसष्टावा घात.

आणि हा घात काढण्याची युक्ती पिंगलाची आहे. पिंगल म्हणजे छंदःशास्त्राचा आद्य आचार्य, ज्याच्या सूत्रांचा उगम दोन हजार वर्षांहून मागे नेला जातो. त्याचा प्रश्न गव्हाचा नव्हता, कवितेचा होता. ओळीतले प्रत्येक अक्षर लघू असेल किंवा गुरू. दोनच पर्याय. मग सहा अक्षरांच्या ओळीत लघू-गुरूंच्या किती मांडण्या होतील? दोनाचा सहावा घात, चौसष्ट. बारा अक्षरांच्या चरणाच्या ४,०९६ मांडण्या होतात, आणि आपला भुजंगप्रयात ही त्यातली एक. मालिनी पंधरा अक्षरांची, तिच्या घराण्यात ३२,७६८ मांडण्या. हा आकडा ओळखीचा वाटला ना? अलेक्झांड्रियाच्या हिशेबनिसाचे माप तेवढ्याच दाण्यांनी भरले होते.

पिंगलाची रीत अशी. अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि एकही अक्षर उरेपर्यंत हे करत जा. मग उलट फिरा. जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग करा. चौसष्ट सहा वेळा निम्मे केले की एक उरतो. म्हणून परतीच्या वाटेवर दोनापासून निघून सहा वेळा वर्ग करायचा. दोनाचा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे आपल्या संख्येहून एकने मोठी संख्या. चौसष्ट गुणाकारांचे काम सहांत झाले.

इसवी सन १००० च्या सुमाराला अल-बिरुनीने आपल्या कालगणनेवरच्या ग्रंथात पटावरच्या दाण्यांचा हिशेब केला, तोही अशाच वर्गांच्या पायऱ्यांनी. सोळाचा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, आणि शेवटी एक वजा. त्याचे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत अचूक आहे. पुढे हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्याने इथल्या व्याकरणावर आणि छंदांवर एक प्रकरण लिहिले, लघू-गुरूंच्या मांडण्या समजून घेण्याची खटपट केली. चतुरंगाचा शतरंज झाला त्याच वाटेने माणसे आणि हिशेबही ये-जा करत होते. माझ्यासारख्या, घरात दखनी आणि वहीत मराठी वागवणाऱ्याला याचा आनंद वाटला तर नवल नाही.

जाता जाता एक. अनुष्टुभाच्या श्लोकात बत्तीस अक्षरे. दोन श्लोकांची चौसष्ट. म्हणजे दोन श्लोकांइतक्या जागेत लघू-गुरूंच्या जितक्या मांडण्या होतील, त्यांची संख्या पटावरच्या सगळ्या गव्हाहून फक्त एका दाण्याने जास्त. त्यातल्या वाचण्याजोग्या किती, हा प्रश्न मी संपादकांवर सोपवतो.

इथपर्यंत संख्येचा आकार झाला. आता तिचा स्वभाव. संख्येचा स्वभाव पाहायचा तर ती कशाने भागली जाते ते पाहावे. वाटणीच्या भाषेत, एवढा गहू किती जणांत एकही दाणा न उरता सारखा वाटता येईल? पाच जणांत येईल, कारण शेवटचा अंक पाच आहे. तिघांत येईल का? वीस अंकांची बेरीज करा, ती ८७ येते. ८७ ला तीनाने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ८७ ला नवाने भाग जात नाही, म्हणून नऊ जणांत वाटणी होणार नाही. ही आपली शाळेतली कसोटी. पण सतरा जण आले तर? दोनशे सत्तावन्न आले तर?

इथे शाळेतलेच आणखी एक सूत्र मदतीला येते. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे मूळ संख्यांची बेरीज गुणिले त्यांचीच वजाबाकी. आपली संख्या म्हणजे एका वर्गातून एक वजा, आणि एक हा स्वतःचाच वर्ग. म्हणून तिचे लगेच दोन तुकडे पडतात, ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५. यातला दुसरा तुकडा पुन्हा एका वर्गातून एक वजा असाच आहे, म्हणून तोही तुटतो. ६५,५३७ आणि ६५,५३५. मग ६५,५३५ चे २५७ आणि २५५. मग २५५ चे १७ आणि १५. मग १५ चे ५ आणि ३. जिन्यावरून एखादी वस्तू पायरी पायरीने गडगडत यावी तशी ही संख्या खाली येते. प्रत्येक पायरीवर पिंगलाच्या वर्गांतला एक आकडा, त्यात एक मिळवलेला, मागे राहतो. तीन, पाच, सतरा, दोनशे सत्तावन्न, पासष्ट हजार पाचशे सदतीस, आणि सगळ्यांत वर बसलेली ४,२९,४९,६७,२९७.

यातले पहिले पाच तुकडे आणखी तुटत नाहीत. गणितात अशांना मूळ संख्या म्हणतात. मग सहावा?

फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचा न्यायाधीश होता. पोटासाठी कायदा आणि छंद म्हणून गणित. १६४० च्या सुमाराला पत्रांतून त्याने आपला समज मांडला, की दोनापासून वर्ग करत जावे आणि दर वेळी एक मिळवावा, जे येईल ते मूळच असेल. सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने कबूल केले होते. खात्री मात्र होती. फर्माचा शब्द एवढा वजनदार, की सहावा तुकडा कोणी तपासला नाही. निदान तपासून कोणाला काही सापडले नाही.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या विद्वानाने सेंट पीटर्सबर्गला असलेल्या तरुण ऑयलरला पत्र लिहिले. पत्र संपल्यावर ताजा कलम म्हणून विचारले, फर्माचे ते विधान तुला ठाऊक आहे का? मोठमोठी कामे कधी कधी ताज्या कलमातून निघतात. ऑयलरने सुरुवातीला फारसे मनावर घेतले नाही, मग घेतले. १७३२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने दाखवले की सहावा तुकडा ६४१ ने भागला जातो.

त्याने ६४१ कसा हेरला, हे खरे पाहण्यासारखे. ४२९ कोटींहून मोठ्या संख्येला कशाने भाग जातो हे पाहायला एकेक मूळ संख्या घेऊन बसले तर हजारो भागाकार करावे लागतील. ऑयलरने विचार केला, की या संख्येला भागणारी संख्या कशीही असू शकत नाही. पुढे त्याने सिद्धच केले, की ज्या मूळ संख्येने हिला भाग जाईल, तिला चौसष्टाने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. पुन्हा आपला चौसष्ट! मग उमेदवार उरतात ते ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ असे. यातले ६५, १२९ वगैरे मुळातच मूळ नाहीत, ते गळले. राहिले १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच खेपेला कुलूप उघडले.

पडताळा तुम्हीही घेऊ शकता, बसच्या तिकिटामागे मावेल एवढाच आहे. नियम एक लक्षात ठेवायचा, संख्येच्या वर्गाची बाकी हवी असेल तर तिच्या बाकीचा वर्ग करून चालते. ६५,५३६ ला ६४१ ने भागा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. त्याला ६४१ ने भागा, बाकी ६४०. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ला भागल्यावर ६४० उरतात. त्यात एक मिळवला की ६४१ पुरे होतात आणि बाकी काहीच उरत नाही. दुसरा तुकडा येतो ६७,००,४१७, आणि तो पुढे तुटत नाही.

मला याचे आश्चर्य वाटते की हे फर्माच्या हाताबाहेरचे नव्हते. त्याच १६४० साली त्याने दोनाच्या सदतिसाव्या घातातून एक वजा केलेली संख्या २२३ ने भागली जाते हे शोधले होते, आणि तेही अशाच गाळणीने. गाळणी त्याच्याजवळ होती, पाच भागाकारांचे काम होते. माणूस ज्या विधानाच्या प्रेमात पडतो त्याला गाळणी लावत नाही, एवढेच म्हणता येईल. कवींना हे सांगायला नको.

तर सगळा गहू सात मूळ संख्यांचा गुणाकार ठरला. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सातही वेगवेगळ्या, एकही दुसऱ्यांदा येत नाही. या सातांतून हव्या त्या निवडून गुणाकार करा, वाटणीची एक रीत मिळते. एकूण रीती दोनाचा सातवा घात, १२८. पटाच्या घरांच्या बरोबर दुप्पट.

फर्माचे विधान खोटे ठरले, पण ते पाच आकडे वाया गेले नाहीत. १७९६ मध्ये एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेल्या गाउसने दाखवले, की फक्त पट्टी आणि कंपास घेऊन सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. ग्रीकांना तीन, पाच आणि पंधरा बाजूंचे साधले होते, सतराचे कोणाला सुचलेही नव्हते. गाउसचा नियम असा निघाला, की बाजूंची विषम संख्या ही याच फर्माच्या मूळ संख्यांतल्या, प्रत्येकी एकदाच घेतलेल्या, संख्यांचा गुणाकार असेल तर आकृती काढता येते. याउलट इतर कोणतीही विषम संख्या चालत नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये वांत्सेलने दिली. माहीत असलेल्या पाच मूळ संख्यांतून अशा एकतीस आकृत्या निघतात. सर्वांत मोठीच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे अर्ध्या पटावरचा सगळा गहू! ती कोणी काढायला बसले नाही. पण ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात हेर्मेस नावाच्या जर्मन शिक्षकाने दहा वर्षे घालवली आणि १८९४ मध्ये ते बाड ग्योटिंगेनच्या विद्यापीठाला दिले.

आता या संख्येचे शेजारी पाहा. एक दाणा मिळवला तर दोनाचा चौसष्टावा घात. त्याच्यात दोनाखेरीज काहीच नाही, चौसष्ट वेळा दोन. आणखी एक दाणा मिळवला की शेवट ६१७ वर होतो, आणि ही फर्माच्या यादीतली पुढची संख्या. ती मूळ आहे की नाही, हे ऑयलरलाही सांगता आले नाही. १८८० मध्ये लांद्री या ऐंशी ओलांडलेल्या फ्रेंच गृहस्थाने ती फोडली, २,७४,१७७ गुणिले ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, क्लाउसेन या खगोलशास्त्रज्ञाने गाउसला पत्रातून हे कळवले होते, पण ती बातमी पत्रातच राहिली. दोन दाण्यांचा फरक, आणि एकीकडे सात तुकडे, तर दुसरीकडे मोजून दोन. शेजारच्या संख्येकडे पाहून हिचा स्वभाव सांगता येत नाही. संख्यांच्या जगात मला सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट हीच वाटते. बेरजेत त्या खेटून बसलेल्या असतात, आणि गुणाकारात त्यांची एकमेकींशी ओळखही नसते.

काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची गोष्टही तुम्ही वाचली असेल. तीन सुया, एका वेळी एक चकती हलवायची, लहानावर मोठी ठेवायची नाही, आणि सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत. हे कोडे १८८३ मध्ये पॅरिसमध्ये एदुआर ल्युका या गणितज्ञाने खेळणे म्हणून बाजारात आणले आणि काशीची आख्यायिका पुढच्याच वर्षी तिथल्या एका लेखकाने त्याला जोडली. काशीकरांचा त्याच्याशी काही संबंध नाही. लागणाऱ्या हालचाली मात्र बरोबर आपल्या पटावरच्या गव्हाएवढ्या. सेकंदाला एक हलवली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षे. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे मानतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

आज ही संख्या तुमच्या-आमच्या खिशात आहे. संगणक आणि मोबाइल आकडे साठवतात ते शून्य आणि एक या दोन चिन्हांत. लघू आणि गुरूच म्हणा. आताचे बहुतेक फोन एका वेळी अशी चौसष्ट चिन्हे हाताळतात, आणि चौसष्ट चिन्हांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे पटावरचा सगळा गहू. पूर्वी बत्तीस चिन्हांचा रिवाज होता. त्यातले एक चिन्ह उणे-अधिक दाखवायला राखले की उरलेल्या एकतिसांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजता येते. २०१४ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणे यूट्यूबवर एवढ्यांदा पाहिले गेले, की तो आकडा मावेना. मग मोजणीची मर्यादा वाढवून ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ करण्यात आली. पहिली मर्यादा म्हणजे पटाच्या पहिल्या एकतीस घरांतला गहू, दुसरी म्हणजे त्रेसष्ट घरांतला. त्यातल्या एकतीस घरांच्या गव्हाची वाटणी कोणत्याच रीतीने होत नाही, ती संख्या मूळ आहे. हे १७७२ मध्ये दाखवले, तेही ऑयलरनेच.

आणि ६५,५३७? फोनवरून बँकेचे काम करताना पत्त्याच्या बाजूला कुलपाचे चित्र दिसते. त्या कुलपामागच्या एका रूढ पद्धतीत हा आकडा नेमाने वापरला जातो, कारण दोन चिन्हांच्या भाषेत तो सोपा आहे. सोळा वेळा वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यात काम होते. पिंगलाची रीत इथेही चालू आहे. कुलूप टिकते ते मात्र दुसऱ्याच एका संख्येच्या जोरावर. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करून ती बनवतात, सहाशेहून जास्त अंकांची, आणि ती फोडण्याची जलद रीत आजच्या संगणकांना सापडलेली नाही. आपला गहू जिना उतरल्यासारखा तुटला, कारण त्याच्या जन्मातच वर्ग होते. ज्या संख्येला असा जिना नाही ती फोडताना आजही चाचपडावे लागते. तुमच्या खात्यातले पैसे त्या चाचपडण्यावर सुरक्षित आहेत.

फर्माच्या यादीत पाचानंतर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. तीनाला शून्यावी धरून मोजले तर पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या तुटतात हे ठाऊक झाले आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येची तर मजाच आहे. त्या तुटतात हे सिद्ध झाले, पण त्यांचा एकही तुकडा अजून कोणाच्या हाती आलेला नाही. तेहतिसावी लिहायला बसले तर सुमारे २५८ कोटी अंक लिहावे लागतील. ती तुटते की नाही, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही.